ऑगस्टमधलं स्वयंपाकघर

इटलीत उन्हाळा सुरू होतो तेव्हा आपल्याकडे छत्र्या बाहेर निघालेल्या असतात. जून, जुलै, ऑगस्ट हे तिथले उन्हाचे महिने. हे पुस्तक वाचायला घेताना आधी तेवढं मनात पक्कं करून घ्यावं. आपला उन्हाळा पावसाकडे डोळे लावून बसतो. भूमध्य समुद्राकाठच्या उन्हाळ्यामागून मात्र मृग येत नाही. तिथला पाऊस मुख्यतः शरदातला आणि हिवाळ्यातला. सिसिली, पुलिया, कालाब्रिया या दक्षिणेकडच्या प्रांतांत आठवडेच्या आठवडे थेंब पडत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, झुकिनी, पीच, अंजीर आणि कलिंगडं यांचा लोंढा येतो. हवा कोरडी, ऊन कडक आणि भाजी सगळी एकदम. या पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ या तीन गोष्टींना दिलेलं उत्तर आहे.

या उत्तरात एक विसंगती आहे आणि ती मला या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते. उन्हाळ्यात घरातल्या बाईची सगळी अक्कल शेगडीपासून लांब कसं राहावं यात खर्च होते. आणि वर्षातली सर्वांत मोठी चूलही याच ऑगस्टात, अंगणात, भर उन्हात पेटते.

आधी लांब राहण्याबद्दल.

दक्षिणेतल्या गावात दुपारी जेवण उरकलं की रस्ते ओस पडतात. खिडक्यांची लाकडी झडपं सकाळी ऊन चढायच्या आत ओढून घेतलेली असतात; रात्रीचा गारवा घरात कोंडून ठेवायचा, ही पहिली कामगिरी. दुपारच्या या निद्रिस्त वेळेला तिथे ‘कोन्त्रोरा’ म्हणतात. या वेळात भुतंखेतं फिरतात असं सांगून पोरांना घरात बसवायची जुनी रीत आहे. दुकानं चार-पाचनंतर उघडतात, संध्याकाळी सगळं गाव मुख्य रस्त्यावर येरझाऱ्या घालतं, म्हाताऱ्या बायका दारासमोर खुर्च्या टाकून वाऱ्याला बसतात आणि रात्रीचं जेवण नऊच्या आधी सुरू होत नाही. या वेळापत्रकात शेगडीला जागा सकाळीच. वांगी तळायची, मिरच्या भाजून सोलायच्या, जे काही आचेवर करायचं ते सकाळच्या गारव्यात उरकून झाकून ठेवायचं.

म्हणूनच इथले कितीतरी पदार्थ करून काही तास गेल्याशिवाय खाऊच नयेत असे आहेत. सिसिलीतली कापोनाता घ्या. तळलेली वांगी, सेलरी, कांदा, ऑलिव्ह, केपर आणि थोडा टोमॅटो, त्यावर व्हिनेगर आणि साखर. गरम असताना व्हिनेगर नाकात जातं आणि साखर वेगळी लागते. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकमेकांत मुरलेली असतात. व्हिनेगरमुळे ती टिकतेही, आणि फ्रिज घरात येण्याआधीच्या काळात हा गुण चवीइतकाच महत्त्वाचा होता. तळलेल्या वांग्यांचे, टोमॅटोच्या सॉसचे आणि चीजचे थर लावून भाजलेली पार्मिज्यानासुद्धा निवाल्यावर चांगली. ओव्हनमधून काढून वाफाळती वाढतात ती बहुधा हॉटेलात. घरची माणसं तिचे चौकोन कापून डब्यात भरतात आणि समुद्रावर नेतात.

पास्ता तर करावाच लागतो, पण त्यातही युक्ती आहे. टोमॅटो चिरून त्यात लसूण, मीठ, बेसिलची पानं आणि ऑलिव्ह तेल घालून ते सकाळीच मुरत ठेवायचं. जेवायच्या वेळी फक्त पास्ता उकडायचा आणि त्या कच्च्या टोमॅटोवर उपसायचा. अख्ख्या जेवणाला एका पातेल्याची आच. हा पदार्थ इतका सोपा आहे की पाककृती म्हणून छापायला संकोच वाटतो. तरी छापला आहे, कारण तो बिघडवणं फार सोपं आहे: टोमॅटो कच्चट असला की संपलं.

वांग्याबद्दल थोडं विषयांतर करतो. मूळ आशियातलं, भारतात हजारो वर्षं पिकणारं हे फळ अरबांबरोबर पश्चिमेकडे गेलं आणि सिसिलीत रुजलं. उत्तरेकडच्या इटालियनांनी मात्र त्याला बराच काळ दारात उभं केलं नाही. पेल्लेग्रिनो आर्तुझी हा रेशमाचा व्यापार करून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याने १८९१ मध्ये फ्लॉरेन्सला स्वखर्चाने एक पाकपुस्तक छापलं आणि पुढे ते इटलीतल्या घराघरात पोचलं. त्यात तो नोंदवतो की, चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगं क्वचितच दिसे, कारण ते ज्यूंचं खाणं म्हणून हलकं मानलं जाई. चांगल्या वस्तू ओळखण्यात ज्यू इतरांच्या पुढे असतात याचाच हा पुरावा, असंही त्याने पुढे सुनावलं आहे. पहिल्या आवृत्तीत त्याच्या ४७५ पाककृती होत्या. वाचक पत्रं पाठवत गेले, तो वाढवत गेला आणि शेवटी त्या ७९० झाल्या. ‘इटालियन स्वयंपाक’ असं एकवचनात बोलण्याची सोय झाली ती बरीचशी या पुस्तकामुळे. राजकीय इटली १८६१ मध्ये एक झाली होती. ताटं अजून वेगवेगळी होती, आणि खरं सांगायचं तर आजही आहेत.

टोमॅटोही बाहेरचाच. तो अमेरिकेतून सोळाव्या शतकात आला आणि बरीच वर्षं शोभेचं किंवा संशयास्पद फळ म्हणून राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये अंतोनियो लातिनी याच्या पुस्तकात टोमॅटोचा सॉस छापलेला सापडतो, तोही ‘स्पॅनिश पद्धतीचा’ म्हणून. पास्त्यावर टोमॅटो ओतण्याची पद्धत छापील पुस्तकांत ठळक होते ती एकोणिसाव्या शतकात. आर्तुझीच्या काळापर्यंत मात्र तो इतका सर्वत्र झाला होता की टोमॅटो सॉसच्या पाककृतीआधी त्याने एका धर्मगुरूचा किस्सा सांगितला आहे. हा धर्मगुरू गावातल्या प्रत्येक घरात नाक खुपसायचा, म्हणून लोक त्याला टोमॅटो म्हणू लागले. टोमॅटोशिवाय कुठलंच पातेलं नाही तसं याच्याशिवाय कुठलंच भांडण नाही.

म्हणजे इटालियन उन्हाळ्याचा जो लालभडक चेहरा आपल्याला सनातन वाटतो त्याचं वय फार नाही. त्याआधीची उन्हाळी कोशिंबीर कशी होती याचा अंदाज फ्लॉरेन्सचा चित्रकार ब्रोंझिनो याच्याकडून मिळतो. सोळाव्या शतकात कांद्याच्या स्तुतीवर लिहिलेल्या कवितेत त्याने घोळ आणि काकडी घातलेल्या कांद्याच्या कोशिंबिरीचं कौतुक केलं आहे. घोळ म्हणजे आपल्या बाजारात जुडीने मिळते तीच पालेभाजी. आजची तोस्कानी पान्झानेल्ला, म्हणजे शिळ्या पावाची कोशिंबीर, याच वंशातली. टोमॅटो तिच्यात मागून शिरला.

शिळा पाव हा या स्वयंपाकाचा खरा पाया आहे, ऑलिव्ह तेलाइतकाच. पूर्वी गावात पाव रोज भाजला जात नसे. पुलियातल्या आल्तामुरात बायका घरी कणीक मळून सार्वजनिक भट्टीवर पाठवायच्या आणि आपला पाव कोणता हे कळावं म्हणून त्यावर घराण्याची आद्याक्षरं कोरलेला लाकडी शिक्का मारायच्या. ते मोठाले पाव दिवसेंदिवस पुरवायचे असत. उन्हाळ्यात सरपण आणि घाम दोन्ही वाचवायचं तर एकदाच भाजून दीर्घकाळ खायचं. मग शेवटच्या दिवसांतल्या दगडासारख्या पावाचं काय करायचं? तोस्कानीत तो पाण्यात भिजवून, पिळून, कुस्करून पान्झानेल्ला. किंवा टोमॅटोत शिजवून पाप्पा अल पोमोदोरो. पुलियात तर मुद्दामच दोनदा भाजलेली कडक कडी करतात, फ्रिझेल्ला नावाची. कोळी आणि शेतकरी ती बांधून न्यायचे. क्षणभर पाण्यात बुडवायची, वर टोमॅटो चोळायचा, तेल, मीठ, ओरेगॅनो. पाण्यात किती वेळ ठेवायची यावरून घराघरांत मतभेद आहेत आणि ते मिटावेत अशी कुणाची इच्छा दिसत नाही.

‘गरिबांचा स्वयंपाक’ हे विशेषण आता रेस्टॉरंटांच्या मेनूवर मिरवतं, तेव्हा मला थोडी चीड येते. मांस परवडत नव्हतं म्हणून वांगं तळलं जात होतं, पाव टाकणं शक्य नव्हतं म्हणून तो भिजवला जात होता. त्यातून निघालेलं उत्तम होतं हे खरं, पण ज्यांनी ते काढलं त्यांना दुसरा पर्याय मिळाला असता तर त्यांनी तो आनंदाने घेतला असता. १९५०-६० च्या दशकांत पैसा आल्यावर दक्षिणेतल्या घरांनी सर्वांत आधी काय केलं? रविवारच्या सॉसमध्ये मांस वाढवलं.

आता त्या मोठ्या चुलीकडे.

जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत दक्षिणेतल्या कुटुंबांत एक दिवस ठरतो. आदल्या दिवशी टोमॅटोचे क्रेट येऊन पडतात. सान मार्झानो किंवा तसलाच लांबोडा, गर जास्त आणि पाणी कमी असलेला वाण. पहाटे, अंधारात काम सुरू होतं. मोठ्या टबांत टोमॅटो धुवायचे, नासके काढायचे, चिरायचे, कढईत नरम होईपर्यंत गरम करायचे आणि चाळणीच्या यंत्रातून काढायचे. यंत्राच्या एका तोंडातून लाल रस पडतो, दुसऱ्यातून साली आणि बिया. साली पुन्हा एकदा फिरवतात, कारण पहिल्या फेरीत त्यांच्याबरोबर बराच गर निघून जातो. अनुभवी हात ते सालीकडे नुसतं पाहून सांगतात. वर्षभर जमवलेल्या बिअरच्या बाटल्या उकळून सुकवलेल्या असतात. प्रत्येकीत बेसिलचं एक पान टाकायचं काम पोरांकडे, नरसाळं धरायचं म्हाताऱ्यांकडे, आणि पत्र्याचं बूच दाबायचा दांडा ज्याच्या मनगटात जोर त्याच्याकडे.

मग पिंप. तेलाच्या जुन्या लोखंडी पिंपात बाटल्या रचायच्या, मध्ये मध्ये चिंध्या आणि गोणपाट कोंबायचं म्हणजे त्या एकमेकींवर आपटून फुटणार नाहीत. वरून पाणी, खाली लाकडं. पाण्याला उकळी आली की अर्धा-पाऊण तास ती टिकवायची, आणि त्यानंतरची शिस्त सर्वांत कठीण: काहीच करायचं नाही. आच विझू द्यायची आणि बाटल्या त्याच पाण्यात दुसऱ्या सकाळपर्यंत निवू द्यायच्या. घाईने काढलेली गरम बाटली हातात फुटते. याला तिथे नुसतं ‘बाटल्या करणं’ म्हणतात. कशाच्या बाटल्या हे सांगावं लागत नाही.

पाळी आलेल्या बाईने हात लावला तर सॉस नासतो, अशी समजूत दक्षिणेत बराच काळ होती. लोणच्याच्या बरणीपासून लांब बसवलेल्या आपल्या आज्यांना हे ऐकून नवल वाटलं नसतं. नासण्याचं खरं कारण बहुधा नीट न उकळलेली बाटली किंवा सैल बूच. पण बूच मारणारा घरातला पुरुष असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो माणसं दक्षिणेतून तोरिनो, मिलानोच्या कारखान्यांकडे गेली. कारखाने ऑगस्टात बंद होत. मग ही माणसं आगगाडीने, आणि १९६४ मध्ये मिलानो ते नेपल्स महामार्ग पुरा झाल्यावर छोट्या फियाटच्या टपावर सामान बांधून, गावाकडे येत. बाटल्या करण्याच्या दिवसाला त्यांचे हात लागत आणि परतताना डिकीत त्या बाटल्या, तेलाचा डबा, सुकवलेला ओरेगॅनो भरलेला असे. उत्तरेतल्या धुक्यात, फेब्रुवारीच्या रविवारी एक बाटली उघडली की त्या घरात कोणती भाषा बोलायची हे ठरून जाई. आज अनेक घरांनी हा उद्योग सोडला आहे. दुकानातली पासाता, म्हणजे टोमॅटोचा गाळलेला गर, स्वस्त आणि चांगली मिळते, फ्लॅटला अंगण नसतं. जे करतात ते हिशोबासाठी करत नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावर, १५ तारखेला, फेरागोस्तो. सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या सुट्टीवर चर्चने मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण बसवला, आणि विसाव्या शतकाने त्यावर मोटारगाड्या बसवल्या. शहरं रिकामी होतात, दुकानांच्या शटरवर ‘सुट्टीनिमित्त बंद’ची चिठ्ठी लागते. दिनो रिझी याचा १९६२ चा ‘इल सोर्पास्सो’ हा चित्रपट याच दिवशीच्या सुनसान रोममध्ये सुरू होतो. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो जान्नी दी ग्रेगोरियो याचा २००८ चा ‘प्रान्झो दी फेरागोस्तो’. मध्यमवयीन, कर्जात बुडालेला एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या आईला सांभाळतो आहे; सुट्टीवर निघालेले इतर लोक आपापल्या आयाही त्याच्याकडे आणून सोडतात, आणि त्याला सगळ्यांसाठी जेवण रांधावं लागतं. सुट्टीच्या या देशात सुट्टीला कोण जातं आणि मागे कोण राहतं, हे त्या छोट्याशा सिनेमाने फार हसतखेळत दाखवलं आहे.

उत्तरेबद्दल मी इथे कमी लिहितो आहे. पुढच्या पानांत तिची भरपाई केली आहे. पो नदीच्या सपाट खोऱ्यात उन्हाळा दमट आणि डासांचा. पिएमोंतेत वासराचं मांस शिजवून, गार करून, पातळ कापून त्यावर टूनाचा सॉस घालतात आणि पीचच्या पोटात बदामी बिस्किटांचा चुरा भरून भाजतात. लिगुरियात पेस्तो, आणि तो घरी नुसत्या पास्त्यावर नसतो. त्याच पाण्यात बटाटा आणि हिरव्या शेंगा उकडून बरोबर कालवलेल्या असतात. दुसऱ्या टोकाला, सिसिलीत, लोक सकाळी नाश्त्याला ग्रानिता खातात: बदामाचा, लिंबाचा, तुतीचा बर्फाळ लगदा आणि त्याबरोबर मऊ ब्रियोश. पूर्वी हिवाळ्यात एत्ना पर्वतावरचा बर्फ गुहांत आणि खड्ड्यांत दाबून ठेवत आणि उन्हाळ्यात खाली शहरांत विकत. ज्वालामुखीच्या अंगावरून आणलेल्या बर्फाने दिवस सुरू करणं ही चैन श्रीमंतांचीच होती. यंत्राचा बर्फ आल्यावर ती सगळ्यांची झाली.

बाटल्यांतल्या त्या टोमॅटोचं आणखी एक अंग आहे आणि ते टाळून हे पुस्तक मला लिहिता आलं नसतं. शेतातून हाताने तोडणी करणारे मजूर आता बहुतेक परदेशी आहेत. १९८९ च्या ऑगस्टात, नेपल्सजवळच्या विल्ला लितेर्नो इथे, टोमॅटो तोडायला आलेला दक्षिण आफ्रिकन निर्वासित जेरी मास्लो याचा दरोडेखोरांनी खून केला, तेव्हा इटलीला पहिल्यांदा या वस्त्यांकडे वळून पाहावं लागलं. मुकादमांकरवी मजूर पुरवून त्यांच्या मजुरीतून हिस्सा कापणाऱ्या पद्धतीविरुद्ध २०१६ मध्ये कडक कायदा झाला. तरी २०२४ च्या जूनमध्ये रोमच्या दक्षिणेला, लातिनाजवळच्या शेतात, सतनाम सिंग या पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला आणि त्याला इस्पितळात नेण्याऐवजी घरासमोर टाकून दिलं गेलं. दोन दिवसांनी तो गेला. त्या भागातल्या भाजीच्या शेतांत हजारो शीख काम करतात. पो खोऱ्यातल्या ज्या गोठ्यांच्या दुधाचं नामवंत चीज होतं, तिथेही. इटालियन आजीच्या हातच्या चवीबद्दल लिहिताना हे हातही मोजायला हवेत.

ऊनही पूर्वीचं राहिलेलं नाही. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीत सिराकुझाजवळ ४८.८ अंश नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने युरोपातला तो उच्चांक म्हणून मान्य केला आहे. झडपं ओढून, पहाटे रांधून ज्या उष्म्याशी जुळवून घेता येत होतं, त्याच्या पलीकडचा हा आकडा आहे. २०२५ च्या डिसेंबरात दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीने इटालियन स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आनंद आहे. पण वारसा म्हणून जे जपायचं ते ज्या हवामानावर उभं आहे, ते कुठल्याच यादीत बसवून धरता येत नाही.

आता आपल्या ओट्याबद्दल, कारण पुस्तक तिथेच वापरलं जाणार आहे.

या पाककृती आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कराव्यात. पावसाळ्यात त्या नीट लागत नाहीत. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून येणारा टोमॅटो ट्रकमध्ये टिकावा म्हणून कडक सालीचा असतो. सॉसला तो ठीक आहे, कोशिंबिरीला मात्र गावठी शोधा आणि दोन दिवस टोपलीत पिकू द्या. बेसिलऐवजी तुळस घालू नये, तिचा तिखट, औषधी वास सगळं व्यापतो. ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचा. कुंडीत लावला तर पानं मिळतील, वास थोडा वेगळा असेल. तोस्कानीत उन्हाळ्यात फार्रो नावाच्या गव्हाच्या अख्ख्या दाण्यांची गार कोशिंबीर करतात. तो गहू म्हणजे आपला खपलीच. सांगली-साताऱ्याकडून आणलेला खपली भिजवून, उकडून, निथळून वापरा, काही फरक कळणार नाही. ताज्या पास्त्याच्या पाककृतींसाठी बन्सी गव्हाचा बारीक रवा घ्यावा. ड्युरम म्हणतात तो हाच. शाकाहारी वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: खरं पार्मिज्यानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, आणि दक्षिणेतल्या बऱ्याच ‘भाज्यां’त अँकोव्ही मासा विरघळवलेला असतो. जिथे तो काढता येतो तिथे मी तसं लिहिलं आहे. जिथे काढल्यावर पदार्थच उरत नाही, तिथे गप्प राहिलो आहे.

सुरुवात पान्झानेल्लापासून करा. मऊ स्लाइसचा पाव घेतलात तर लगदा होईल, लादीपाव गोडसर लागेल. गोव्याचा ‘पोळी’ नावाचा पाव मिळाला तर तो दोन-तीन दिवस उघड्यावर वाळवून घ्या. आणि गोव्यातच असाल तर पोदेराकडची, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडची, कडक काकणं आणा, म्हणजे फ्रिझेल्लाचीही सोय झाली. फक्त ती चहात न बुडवता गार पाण्यात बुडवायची, आणि किती वेळ, हे तुमच्या घरात ठरवा.